व्यायाम कोणता आणि कशासाठी? तालमीपासून मॅरेथॉनपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यायामशाळेत नाव घालायला आलेली पोरं, त्यांचे आईवडील, बागेत फेऱ्या मारणारे निवृत्त लोक, भरतीची तयारी करणारी मुलंमुली, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येतात. उत्तरांमागे एकच धारणा आहे. व्यायामाची प्रत्येक पद्धत कुणीतरी ठरावीक कामासाठी घडवली. ते काम तुमचं नसेल, तर पद्धतही जशीच्या तशी उचलून उपयोग नाही.

सगळ्यात चांगला व्यायाम कोणता?

प्रश्न अर्धा आहे. कशासाठी, ते आधी सांगा. "फिट राहायला" असं बहुतेक जण म्हणतात, पण फिटनेस ही एकच गोष्ट नाही. दम वेगळा, ताकद वेगळी, चपळाई वेगळी, सांध्यांची मोकळीक वेगळी, तोल सांभाळणं वेगळं. आरशात दिसणारं शरीर तर आणखी वेगळं. बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्याला बारला लटकून एकदाही वर जाता येत नाही, असं सर्रास दिसतं. दंड फुगवलेला गडी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकतो, तेही दिसतं. दोघंही आपापल्या हिशेबात फिटच.

म्हणून आधी ठरवा: स्पर्धा किंवा भरती जिंकायची आहे, शरीर घडवायचं आहे, साखर आणि रक्तदाब ताब्यात आणायचा आहे, की ऐंशीव्या वर्षी जमिनीवरून कुणाच्या आधाराशिवाय उठता यायला हवं आहे? माझ्या मते हे शेवटचं ध्येय सगळ्यात महत्त्वाचं. पण त्याला पदक नाही, फोटो नाही, त्यामुळे त्याची जाहिरातही कुणी करत नाही.

मला काही जिंकायचं नाही. मग किती व्यायाम पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. वय ६५ च्या पुढे असेल तर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून किमान तीन दिवस.

मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम गती. दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल, तर जोरकस. आणि शेजारच्या सोसायटीतल्या भांडणाची अख्खी हकीकत न थांबता सांगता येत असेल, तर तो फेरफटका झाला. तोही घरी बसण्यापेक्षा बराच, पण १५० मिनिटांत धरू नका.

मी रोज चालतो. पुरे नाही का?

हृदयासाठी आणि साखरेसाठी भरभर चालणं उत्तम. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. पण चालण्यानं ताकद फारशी वाढत नाही, हात-खांद्यांना तर काहीच मिळत नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीनंतर जास्त वेगानं. नुसत्या चालण्यानं ही घट थांबत नाही.

यावर उपाय घरातच आहे. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून जोर काढा, ते सोपे वाटू लागले की ओट्याला, मग जमिनीवर. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन घरात फेऱ्या मारा. दात घासताना एका पायावर उभे राहा, दुसरा हात बेसिनजवळ ठेवा म्हणजे झालं.

दहा हजार पावलं पूर्ण व्हायलाच हवीत?

नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. आकडा गोल होता, लक्षात राहिला आणि जगभर पसरला. तुमची आज तीन हजार पावलं होत असतील तर पाच हजारांनीही चांगला फरक पडेल. रात्री साडेअकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून आकडा पुरा करणाऱ्यांनी झोपायला जावं.

तालमीतली मेहनत आणि जिमचा व्यायाम यांत फरक काय? मुलाला कुठे घालू?

तालमीत शरीर हे साधन असतं, जिममध्ये बहुतेकदा तेच ध्येय असतं.

कोल्हापूरच्या गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींमधला दिनक्रम लढतीसाठी बेतलेला आहे. पहाटे उठून जोर, बैठका, सपाटे, दोर चढणं, हौदातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती खणून ती सारखी करणं आणि मग जोडीदाराबरोबर लढत. माती खणणं हे नुसतं साफसफाईचं काम नाही. त्यानं कंबर, पाठ, खांदे आणि पकड एकाच वेळी तयार होतात, आणि कुस्तीत लागतं तेही हेच सगळं एकदम. प्रतिस्पर्ध्याला उचलताना दंड वेगळा आणि मांडी वेगळी काम करत नाही. शेकड्यांनी काढलेल्या जोर-बैठकांमुळे दमसास आणि चिवटपणा येतो. पण एका मर्यादेनंतर निव्वळ ताकद वाढवायला वजनच लागतं, म्हणून आज चांगल्या तालमींमध्ये हौदाशेजारी मॅट आणि वजनंही दिसतात.

जिमची पद्धत उलट आहे. एकेक स्नायू घ्यायचा, त्याला पेलेल इतकं वजन द्यायचं, दर काही आठवड्यांनी ते थोडं वाढवायचं. मोजता येतं, नोंद ठेवता येते, दुखरा गुडघा वगळून बाकी व्यायाम करता येतो. आजारातून उठलेल्या पन्नाशीच्या माणसाला मी तालमीत पाठवणार नाही, जिममध्येच पाठवीन, मात्र शिकवणारा जाणता हवा.

आकारावरून ताकद ठरवण्याची सवय मात्र सोडा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं, ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोच्या आत. डाव आणि चपळाई ही त्यांची पुंजी होती.

मुलाला कुस्ती आवडत असेल तर तालीम. "शिस्त लागेल" एवढ्यासाठीच घालत असाल, तर आधी वस्तादांना भेटा, पोरांशी ते कसं बोलतात ते पाहा.

पैलवानाचा खुराक आपण घेतला तर चालेल?

थंडाई, लिटर-लिटर दूध, तूप, बदाम, मटण हा खुराक दिवसात पाच-सहा तास घाम गाळणाऱ्याचा आहे. तुम्ही पाऊण तास व्यायाम करून आठ तास खुर्चीत बसणार असाल, तर तो पोटावरच दिसेल. कुस्ती सुटल्यावर मेहनत थांबते आणि जेवण तेवढंच राहतं, तेव्हा पैलवानांचंही हेच होतं. उतारवयात गुडघे, साखर आणि वजन यांनी बेजार झालेले जुने मल्ल आपल्या आसपास असतीलच. दोष तालमीचा नाही, न बदललेल्या ताटाचा आहे.

मित्राशी पैज लावून एकदम ५०० बैठका मारल्या तर काय होईल?

सवय नसेल तर थेट रुग्णालयात जाल. यात अतिशयोक्ती नाही. न सरावलेल्या स्नायूंवर अचानक प्रचंड ताण आला की त्यांचे तंतू फुटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांड्या सुजल्या, असह्य दुखायला लागल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर उद्याची वाट बघायची नाही, तडक डॉक्टर गाठायचा. जिमच्या पहिल्याच दिवशी "मर्दानगी" दाखवायला लावणारे ट्रेनर आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पोरांना शिक्षा म्हणून बैठका घालायला लावणारे शिक्षक, दोघांनीही हे उत्तर वाचावं.

रोज सूर्यनमस्कार घातले तर बाकी काही करायची गरज नाही, हे खरं का?

बरंचसं खरं, पण पूर्ण नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरिरीनं प्रचार केला आणि ते शाळांपर्यंत नेले. त्यांचा हेतू सरळ होता: साधनं नकोत, पैसा नको, जागा चटईएवढी, आणि लहानथोर सगळ्यांना जमेल असा व्यायाम. त्या हेतूला आजही तोड नाही. पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, मांड्यांच्या मागचे स्नायू मोकळे होतात, जोर काढताना छाती-खांद्यांना काम मिळतं, वेग वाढवला तर दमही लागतो.

उणीव एकच, आणि ती क्वचितच कुणी सांगतं: नमस्कारात ढकलणं आहे, खेचणं नाही. पाठीचा वरचा भाग, दंडाचा पुढचा स्नायू आणि पकड यांना त्यात फारसं काही मिळत नाही. म्हणून नमस्कारांच्या जोडीला बारला लटकणं, दोर ओढणं किंवा निदान विहिरीचं पाणी शेंदणं हवं. (विहीर ज्यांच्याकडे उरली आहे ते भाग्यवान.)

रथसप्तमीला १०८ घालायचे असतील तर महिनाभर आधीपासून वाढवत न्या. रक्तदाब जास्त असेल, कमरेची गादी सरकली असेल किंवा मनगट दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग खेचण्यासाठी मल्लखांब चालेल?

त्याहून चांगलं काही मला माहीत नाही. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजवटीतल्या लिखाणात मल्लखांबाचा उल्लेख सापडतो. आजच्या रूपाचं श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातल्या बाळंभट दादा देवधर यांना दिलं जातं. मुळात हा मल्लांचा पूरक व्यायाम. समोर जोडीदार नसला तरी खांबाला धरून पकडी, उड्या, अढ्या (पायांचे विळखे) यांचा सराव करायचा. खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे घर्षणानं कातडी सोलत नाही आणि पकडीला मेहनतही पडते.

पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे तीन प्रकार. मुली पूर्वी फक्त दोरीवर दिसत, आता पुरलेल्या खांबावरही दिसतात. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायाम टिकवून आहे. मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे प्रात्यक्षिकं केली होती. दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर हे दुसरं ठिकाण. तिथल्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच झाली.

सहा-सात वर्षांपासून मुलं सुरू करू शकतात. मोठ्यांनी? वजन आटोक्यात असेल तर जरूर, पण आधी दोन-तीन महिने नुसतं लटकायला आणि दोर चढायला शिका. खाली गादी नसलेल्या ठिकाणी कुणीच शिकू नये.

वजन उचललं की मुलांची उंची खुंटते का?

नाही. नीट शिकवून, हलक्या वजनानं, देखरेखीखाली केलं तर उंचीवर परिणाम होत नाही. धोका असतो तो पडण्याचा आणि आपली ताकद दाखवण्याच्या नादाचा.

योगासनं म्हणजेही व्यायामच ना?

आसनांनी व्यायाम होतो, पण ती त्यासाठी बेतलेली नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि श्वास, आसनं यांचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, खुर्च्या यांचा आधार देऊन अशी पद्धत बसवली की ताठर शरीराच्या माणसालाही आसन अचूक करता यावं. जुनाट कंबरदुखी, मनावरचा ताण, तोल, सांध्यांची मोकळीक यासाठी योग खरोखर उपयोगी आहे.

वजन उतरवण्यासाठी मात्र योग हे संथ साधन आहे, आणि "प्राणायामानं मधुमेहाच्या गोळ्या बंद" असं सांगणाऱ्या माणसापासून लांब राहा. गोळ्या फक्त डॉक्टरांनी बंद करायच्या.

पोलीस भरतीसाठी जिम लावू का?

आधी जाहिरात वाचा, निकष बदलत असतात. अलीकडच्या भरतींमध्ये शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. पुरुषांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५) आणि गोळाफेक (१५). महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. गोळा पुरुषांचा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा. म्हणजे तुमचं ध्येय सेकंदात आणि मीटरमध्ये लिहून आलेलं आहे. इतकं स्पष्ट ध्येय आयुष्यात क्वचित मिळतं, तरी पोरं ते सोडून भलतंच करत बसतात.

नेहमीची चूक म्हणजे रोज पहाटे डांबरी रस्त्यावर एकाच गतीनं आठ-दहा किलोमीटर धावणं. त्यानं दम येतो, वेग येत नाही, आणि नडगी दुखायला लागते ती वेगळीच. १६०० मीटरचा वेळ खाली आणायचा तर ४०० मीटरचे तुकडे वेगानं धावा, मध्ये चालून विश्रांती घ्या, पुन्हा धावा. असे चार-पाच. हे आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको. एक दिवस लांब आणि हळू. एक दिवस ६० आणि ८० मीटरच्या जोरदार धावा, १०० मीटरसाठी. शक्यतो मातीच्या मैदानावर.

गोळा दंडानं नाही, पायानं जातो. पायातून निघालेला जोर कंबर वळवून खांद्यात आणि शेवटी बोटांत यायला हवा. म्हणून बैठका, खांद्यावर वजन घेऊन बैठका, उंच उड्या हे करा. आरशासमोर दंड फुगवण्याचा व्यायाम इथे एक गुणही देत नाही. जिम लावलीत तर आठवड्यातून दोन दिवस, पाय आणि कंबरेसाठी.

मैदानाच्या दिवशी कुणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर घेऊ नका. उत्तेजकं घेऊन उन्हात जीव तोडून धावणं हे हृदय बंद पाडण्याचं साधन आहे. नवे बूटही त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

मॅरेथॉन धावावी का?

इच्छा असेल तर धावा, तब्येतीसाठी गरज नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे, मुंबईची २००४ पासून, आणि साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला घाट चढायला लांबून लोक येतात. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. एवढं अंतर धावणं ही हौस आहे, आणि हौसेला मी नाव ठेवत नाही. तारीख ठरली की माणूस पहाटे उठतो, हा फायदा फार मोठा आहे.

फक्त क्रम पाळा: पाच, दहा, एकवीस, मग पूर्ण. शून्यापासून तीन महिन्यांत २१ धावून दाखवणारे असतात, त्यांतले बरेच चौथ्या महिन्यात फिजिओथेरपिस्टकडे असतात. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम धावणाऱ्यांनाही लागतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही, त्यामुळे पुण्यातल्या थंडीतल्या वेळेची अपेक्षा तिथे धरू नका. चाळिशी ओलांडली असेल, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर आधी तपासणी करून घ्या.

पोट कमी करायला कोणता व्यायाम?

पोटाच्या व्यायामानं पोटाचे स्नायू बळकट होतात, वरची चरबी तिथूनच जात नाही. ती कुठून आधी उतरेल हे शरीर ठरवतं.

अंदाजे हिशेब असा: एक किलोमीटर धावताना वजनाच्या किलोइतक्या कॅलरी खर्च होतात. ७० किलोचा माणूस चार किलोमीटर धावला की २८० च्या आसपास, म्हणजे साधारण एक वडापाव. म्हणून वजन मुख्यतः ताटात उतरतं, आणि उतरलेलं टिकवायला व्यायाम लागतो. उपासमार करून वजन घटवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

भारतीयांनी काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवावं. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या वर गेला, की मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढतो, मग हातपाय कितीही काटकुळे असोत.

प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का?

नाही. साध्या प्रौढाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास, तेवढ्याच सोयाबीन वड्यांत पन्नास. आमटी पातळ आणि भात डोंगराएवढा, ही आपल्या ताटाची खरी अडचण. आमटी घट्ट करा, उसळ रोज ठेवा, दही-ताक, अंडी, मासे जे चालत असेल ते वाढवा. इतकं करूनही कमी पडलं तर व्हे पावडर घ्या, ती दुधातूनच निघते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

स्टिरॉइड वेगळी गोष्ट. जिममध्ये "कोर्स" या नावानं काही सुचवलं गेलं, तर जिम बदला.

बायकांनी वजन उचललं तर शरीर पुरुषी होतं का?

होत नाही. तेवढे स्नायू यायला लागणारं संप्रेरक बायकांच्या शरीरात फार कमी असतं. उलट पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, तेव्हा वजनाचा व्यायाम केलेला असला तर हाडं आणि तोल दोन्ही टिकायला मदत होते. चाळिशीतल्या बाईला मी एकच व्यायाम सुचवायचा झाला तर झुंबा नाही, वजन सुचवीन.

"दिवसभर घरात राबतेच की, तिला वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न बहुधा नवरे विचारतात. घरकामात हालचाल होते, पण ती दमही पुरेसा लावत नाही आणि ताकदही वाढवत नाही, फक्त थकवते. तिला व्यायाम हवा असेल तर संध्याकाळची पोळीभाजी अर्धा तास दुसऱ्या कुणीतरी बघायला हवी.

आठवडाभर काही नाही, पण दर रविवारी सिंहगड. चालेल?

काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. चढताना दम लागतो, गुडघे दुखतात ते उतरताना. उतरताना छोटी पावलं टाका, पळू नका, आणि आठवड्यात दोनदा जिने चढ-उतर करा. वरची कांदाभजी वर्ज्य नाही, फक्त तिचा हिशेब चढाईत वळता झाला असं समजू नका.

सकाळी करू की संध्याकाळी?

ज्या वेळी खंड पडणार नाही त्या वेळी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी करू नका.

आजारपणात खंड पडला. पुन्हा सुरुवात कुठून करू?

दोन-तीन आठवड्यांचा खंड असेल तर आधीच्या निम्म्यापासून. काही महिन्यांचा असेल तर नवशिक्यासारखं. अंगात ताप असताना व्यायाम करायचाच नाही. डेंग्यूनंतर प्लेटलेट्स पूर्ववत झाल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबा. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने धरतात, त्यावर जोर-बैठका काढून ते सुटत नाहीत. हलकं चालणं, सांधे सावकाश फिरवणं आणि पाण्यातला व्यायाम एवढंच करा. चालताना छातीत दडपण आलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, १०८ क्रमांकावर फोन करा.